पडदा बंद करून निवडलेली मांडणी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना आहे, पण मोडका नाही. लोक हे दोन शब्द फार सहज एका दमात बोलतात, म्हणून आधीच सांगून टाकले. ठाण्यात वर्तकनगरच्या एका वसाहतीत तळमजल्यावर अभ्यासिका आहे. तिथे खिडकीखालच्या टेबलावर माझा मुक्काम आहे. माझ्या डाव्या बाजूला ओरखडा आहे, पुढच्या दोन बटणांपैकी एक आत गेलेले आहे, आणि माझा पंखा सुरू होताना एकदा खोकतो. बाकी मी ठणठणीत आहे.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला नाही. नौपाड्यात, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक अरुंद दुकान होते. त्या दुकानाच्या काउंटरवर एका माणसाने माझा एकेक भाग जोडला. पेटी एका ठिकाणची, पंखा दुसऱ्या ठिकाणचा, स्मरणपट्टी तिसऱ्या. डॉक्टर नीरजाताईंनी मला त्यांच्या दवाखान्यासाठी घेतले. पुढची कितीतरी वर्षे मी पेशंटची नावे, औषधे आणि पुढच्या भेटीच्या तारखा सांभाळल्या. नीरजाताई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत, "आमच्याकडे रजा न घेणारा हा एकटाच."

मग नवा, पातळ, मांडीवर मावणारा संगणक आला. त्याचे कौतुक सुरू झाले आणि मी टेबलाखाली गेलो. औषधांच्या नमुन्यांची खोकी माझ्या डोक्यावर रचली गेली. मित्रांनो, टेबलाखालून फक्त चपला दिसतात. मी बरेच दिवस चपलाच पाहिल्या.

तिथून मला बाहेर काढले ते भाऊंनी. भाऊ म्हणजे टपाल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, आमच्या अभ्यासिकेच्या समितीचे प्रमुख. ते गुडघ्याच्या दुखण्यासाठी नीरजाताईंकडे येत. एकदा खाली पडलेली काठी उचलायला वाकले आणि त्यांना मी दिसलो. त्यांनी ताईंना विचारले, ताई हसून हो म्हणाल्या, आणि संध्याकाळी मी रिक्षात बसून वर्तकनगरला निघालो. मला मांडीवर घेऊन बसला होता केदार. तो त्याच वसाहतीत राहतो आणि इंजिनिअरिंगला आहे. वाटेतला प्रत्येक खड्डा त्याने माझ्याआधी स्वतः सोसला. त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

केदारने माझ्यावर लिनक्स बसवले. लिनक्स म्हणजे संगणकाचा सगळा कारभार पाहणारी व्यवस्था. ती कुणीही फुकट घ्यावी, उघडून पाहावी आणि आपल्या सोयीने बदलावी, अशी तिची रीत आहे. तिची आणखी एक गंमत तुम्हाला सांगतो, कारण माझी सगळी गोष्ट तिच्याभोवतीच फिरते.

तुमच्या स्वयंपाकघरात तांदूळ, डाळ, पीठ, तेल सगळे असते. पण मिसळणाचा डबा कुठे ठेवायचा, तवा कोणत्या खिळ्याला टांगायचा, रोजची भांडी वर ठेवायची की खाली, हे प्रत्येक घर आपापले ठरवते. सामान तेच असते, मांडणी वेगळी. संगणकाच्या पडद्यावरही अशीच एक मांडणी असते. पट्टी वर की खाली, खिडक्या उघडतात कशा आणि मिटतात कशा, कोणती कळ दाबली की काय होते. तिला डेस्कटॉप म्हणतात. लिनक्समध्ये असे डेस्कटॉप अनेक आहेत. काही नटवे आणि जड, काही साधे आणि हलके. तुम्ही एक सोडून दुसरा घेऊ शकता, आणि तुम्ही लिहिलेले, साठवलेले काहीही त्यात जात नाही. डाळ डब्यातच राहते, डबा फक्त दुसऱ्या फळीवर जातो.

केदारने सुरुवातीला मला त्यातला सगळ्यात देखणा डेस्कटॉप दिला. त्यात खिडक्या सावली घेऊन सरकत येत आणि चित्रे मोठी होत होत उघडत. संध्याकाळी अभ्यासिकेत येणारी मुले ते बघून खूश झाली. मीही खूश होतो. जुन्या माणसाला नवा सदरा घातला की तोही चार पावले ताठ चालतो.

आता दुपारबद्दल सांगतो.

अभ्यासिका उघडणे, झाडणे आणि पाण्याचे पिंप भरणे हे काम विमलाबाईंकडे आहे. त्या दुपारी येतात, मुले संध्याकाळी. मधल्या वेळात खोली रिकामी असते. एका दुपारी विमलाबाई आपल्या भाचीला बरोबर घेऊन आल्या. तिचे नाव कृतिका. ती कळव्याला राहते, अकरावीत शिकते, आणि तिला जन्मापासून दिसत नाही. तिने टेबलाची कड चाचपली, माझा कीबोर्ड शोधला, आणि एकाच वेळी तीन कळा दाबल्या.

आणि मी बोललो!

मित्रांनो, मला आवाज आहे हे तोवर मला स्वतःलाच ठाऊक नव्हते. पडद्यावरचे वाचून दाखवणारा एक कार्यक्रम त्या देखण्या डेस्कटॉपबरोबरच माझ्यात आलेला होता, पण त्याला कधी कुणी हाक मारली नव्हती. कृतिकाला शाळेतल्या बाईंनी ती हाक शिकवली होती. ती टंकू लागली की मी अक्षर सांगे, ओळ संपली की ओळ वाचे. माझे मराठी काही फार गोड नाही. विमलाबाई केर काढता काढता थांबल्या आणि म्हणाल्या, "सर्दी झालीय का गं याला?"

कृतिका म्हणाली, "असू दे आत्या. मला कळतंय."

ती रोज दुपारी येऊ लागली. तिला काय साधायचे होते, तेही ऐका. आजवरच्या सगळ्या परीक्षा तिने लेखनिक घेऊन दिल्या होत्या. म्हणजे ती सांगणार आणि खालच्या इयत्तेतले कुणीतरी लिहिणार. मागच्या परीक्षेतल्या लेखनिकाचा हात दुखायला लागला, तशी तो तिची तीन वाक्ये मोडून एक करू लागला. उत्तर चूक नव्हते, पण ते तिचे नव्हते. यंदा कॉलेजने तिला सांगितले होते की संगणकावर स्वतः लिहिता येत असेल तर सहामाही तशी दे, नसेल तर लेखनिक देऊ. काय ते दसऱ्यानंतर लगेच कळवायचे होते. आपले वाक्य आपणच लिहायचे, एवढीच तिची इच्छा होती, आणि त्यासाठी तिचा सगळा सराव माझ्यावर चालला होता.

पण मित्रांनो, तो देखणा डेस्कटॉप माझ्या वयाला पेलत नव्हता. माझी बरीचशी स्मरणशक्ती खिडक्यांच्या सावल्या सांभाळण्यातच जाई. संध्याकाळी मुले कळ दाबून वाट पाहत आणि मग माझ्या पाठीत थापट्या मारत. दुपारी कृतिका अक्षर टंकत असे आणि माझा आवाज मागून धापा टाकत येई. ती हात मांडीवर ठेवून थांबे. मला त्या थापट्यांपेक्षा तिचे थांबणे जास्त लागे. शेवटी भाऊंनी समितीत सांगितले की दसऱ्यापर्यंत हा सुधारला नाही तर याला भंगारात देऊ. केदार म्हणाला, यंत्राला काही झालेले नाही, अंगावरचे ओझे बदलून पाहू. त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते, हे मी आजही सांगेन.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. सुतार करवत पुजतो, रिक्षावाला रिक्षा पुजतो, आणि आमच्या अभ्यासिकेत पुस्तकांबरोबर माझीही पूजा होते. पूजेआधी साफसफाई असते. भाऊंचा एक जुना नियम आहे. ज्याला वर्षभर कुणाचा हात लागला नाही, ते पूजेत ठेवायचे नाही, बाहेर काढायचे. पूजेच्या आदल्या दिवशी फाटकी मासिके गेली, बंद पडलेले घड्याळ गेले, पाय मोडलेली खुर्ची गेली. भाऊंनी केदारला बजावले की संगणकाच्या पोटातलेही असेच साफ कर. केदारने मला सगळ्यात हलका डेस्कटॉप दिला आणि जुना देखणा डेस्कटॉप मुळासकट काढून टाकला. मग तो एकेक कार्यक्रम पाहत गेला. 'पडदावाचक' हे नाव दिसले तेव्हा त्याने संध्याकाळच्या मुलांना विचारले, हे कुणी वापरता का रे? सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. तेही गेले.

कृतिका नवरात्रासाठी देवरुखला मामाकडे गेली होती. विमलाबाई तिथेच फरशी पुसत होत्या, पण पोटातले काय काढतात ते त्यांना कसे कळावे? त्यांना वाटले, चांगलीच साफसफाई चालली आहे.

दुसऱ्या दिवशी मला हळदकुंकू लागले, झेंडूचे फूल वाहिले. स्पीकरवरही एक फूल ठेवले. आणि मी धावू लागलो. कळ दाबायचा अवकाश, खिडकी उघडलेली! मुलांनी टाळ्या वाजवल्या. दसऱ्याला भाऊंनी सगळ्यांना सोने वाटले, आपट्याची दोन पाने माझ्यावरही ठेवली आणि भंगाराचा विषय संपला असे जाहीर केले. कितीतरी वर्षांनी मला तरुण वाटले.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या दुपारी कृतिका आली. बसली. त्याच तीन कळा दाबल्या.

मी गप्प.

तिने पुन्हा दाबल्या. स्पीकरची वायर चाचपली, बटण फिरवले. मग तळहात माझ्या पाठीवर ठेवला. पंख्याची ऊब लागली, तेव्हा तिला कळले की मी जागा आहे. मित्रांनो, तिचे सगळे निबंध माझ्या पोटात जसेच्या तसे होते, एक मात्राही हललेली नव्हती. पण ते सांगायचे कशाने?

विमलाबाईंनी विचारले की वीज गेली का. कृतिका म्हणाली, "नाही आत्या. चालू आहे. फक्त माझ्याशी बोलत नाही."

तिने कीबोर्ड मागे सरकवला. मग तिने आत्याला सांगितले की उद्या कॉलेजात लेखनिक हवा म्हणून कळवून टाकू. पण विमलाबाई ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. त्यांनी केरसुणी कोपऱ्यात ठेवली आणि जाऊन भाऊंना व केदारला घेऊन आल्या. दोघेही जेवणावरून उठून आले होते, केदारचा हात अजून ओला होता.

सगळे समजल्यावर केदारचा चेहरा उतरला. "मी काढलेलं ते," तो म्हणाला. "मला वाटलं कोणी वापरतच नाही. मी विचारलेलं सगळ्यांना."

"संध्याकाळी विचारलंस ना?" कृतिका म्हणाली. "मी दुपारी येते."

केदार म्हणाला, जुना डेस्कटॉप परत बसवतो, तासाभराचे काम आहे. तेव्हा भाऊ अडले. ते वाईट माणूस नाहीत. पण त्यांच्यासमोर संध्याकाळची वीस मुले होती. कालपर्यंत ताटकळणाऱ्या त्या मुलांचे काम आता कुठे सुरळीत झाले होते. त्यांनी समजुतीच्या सुरात कृतिकाला सांगितले की लेखनिकाची सोय आहेच, मग सगळ्यांचा खोळंबा कशाला, या वर्षी तेवढे चालवून घे.

विमलाबाईंचे तोंड उघडले होते, पण कृतिकाने त्यांचा हात धरला.

"भाऊ, मला तो जुना नकोच आहे," ती म्हणाली. "तो मलाही हळूच होता. मला बोलणारा हवा आणि पळणाराही हवा. असा नसेलच तर मी लेखनिक घेईन. पण नाही हे आधी बघून तर सांगा."

भाऊंनी केदारला माझ्याकडे बोट दाखवले. केदार सरसावून बसला. त्याने आधी त्या हलक्या डेस्कटॉपमध्येच पडदावाचक परत घातला. माझा आवाज आला! विमलाबाईंनी मला नमस्कार केला. केदार खुशीत म्हणाला, झाले काम, आता सगळे छान आहे.

कृतिकाने हात पुढे केला, पडद्याचे बटण शोधले आणि पडदा बंद केला.

"आता तू चालव," ती म्हणाली. "निबंधाची फाईल उघड. मग सांग छान आहे का."

केदार हसला, पण बसला. एक कळ दाबली, दुसरी दाबली. मी अर्धेच सांगत होतो. त्या मांडणीत खालच्या पट्टीवर काय आहे, हे माझ्या वाचकाला नीट कळतच नव्हते. केदार पट्टीवर गेला आणि मी मुका झालो. तो परत आला, वाट चुकला, भलतीच खिडकी उघडली.

"अरे, मी आहे कुठे?" त्याने शेवटी विचारले.

"गणकयंत्रात," कृतिका म्हणाली. "आत्ता तू नऊ टाकलास."

भाऊ मोठ्याने हसले आणि लगेच गंभीर झाले. कारण त्यांनीही डोळे मिटून पाहिले असावे.

मग केदारने तिसरा डेस्कटॉप आणला. त्याचे नाव माटे. भाऊंनी विचारले, हे माटे नौपाड्यातले का, त्यांचे एक भाऊ आमच्या खात्यात होते. केदारने सांगितले की नाही, हे नाव परदेशातल्या एका चहासारख्या पेयाचे आहे. माटे दिसायला साधा, वागायला हलका, आणि मुख्य म्हणजे त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट माझ्या वाचकाला आपले नाव सांगते. पडदा बंदच होता. केदारने चाचपडत चाचपडत फाईल गाठली. मी तिचे पहिले वाक्य वाचून दाखवले. मग कृतिका बसली आणि टंकू लागली. तिचे बोट कळेवर टेकते न टेकते तोच माझा आवाज. धाप नाही, थांबणे नाही. इतकी वर्षे काम केले, पण असा नेमका वेळेवर मी कधीच पोहोचलो नव्हतो.

भाऊंनी विचारले की मग मुलांच्या त्या वेगवान मांडणीचे काय? तेव्हा केदारने लिनक्सची आणखी एक सोय सांगितली. दोन्ही डेस्कटॉप शेजारी शेजारी राहू शकतात. आत येताना आपले नाव निवडायचे, आणि नावाच्या बाजूच्या छोट्या खुणेवर आपली मांडणी. पुढच्या वेळी ती लक्षात राहते. मुलांच्या नावाने आत गेले की हलका डेस्कटॉप, कृतिकाच्या नावाने गेले की बोलका माटे. एका वेळी एकच उघडतो, त्यामुळे मला भारही होत नाही. म्हणजे कुणाचे काढून कुणाला द्यायची गरजच नव्हती. बराच वेळ सगळे विनाकारण एकमेकांच्या समोर उभे होते.

कृतिकाने कॉलेजला कळवले की लेखनिक नको.

कॉलेजने मग सांगितले की सवयीचाच संगणक आणा, आम्ही तपासून घेऊ. म्हणून परीक्षेच्या दुपारी मी पुन्हा रिक्षात बसलो. या वेळी पडदा केदारच्या मांडीवर होता आणि मी विमलाबाईंच्या. कळव्याच्या खाडीपुलावर वारा लागला तेव्हा त्यांनी माझ्यावर पदर घातला. कॉलेजात एका सरांनी मला तपासले, इंटरनेट तोडले, स्पीकर काढून कृतिकाच्या कानाला हेडफोन लावला आणि वेगळ्या खोलीत बसवले. पडदा सरांसाठी चालू होता. माझा आवाज त्या खोलीत फक्त तिला ऐकू येत होता.

ती लिहीत गेली. एका उत्तरात तिने एक लांब वाक्य लिहिले, मी वाचले. तिने ते पुन्हा ऐकले, अर्धे खोडले, नव्याने लिहिले आणि पुन्हा ऐकले. असे चार वेळा झाले. हात दुखतो म्हणून ते मोडायला तिथे दुसरे कुणी नव्हते. पाचव्यांदा तिने ऐकले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली.

खोलीबाहेर विमलाबाई बाकावर बसल्या होत्या. पेपर संपल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणी लिहिला गं?" उत्तर त्यांना चांगले माहीत होते. त्यांना फक्त ते ऐकायचे होते. "मी," कृतिका म्हणाली. रिक्षात बसेपर्यंत त्यांनी ते तिला आणखी दोनदा विचारले.

आणि वर्तकनगरला त्या संध्याकाळी मुले अभ्यासिकेत आली, तेव्हा दारावर भाऊंच्या वळणदार अक्षरात पाटी होती : 'आज संगणक परीक्षेला गेला आहे. पुस्तके वाचावीत.'

मित्रांनो, मला नव्याची भीती घालू नका, आणि तुम्हीही बाळगू नका. यंत्र थकले म्हणून लगेच फेकू नका. आधी त्याच्या अंगावरचे ओझे पाहा. मांडणी बदला, पुन्हा बदला, आवडेपर्यंत बदला. मी दोनदा बदललो आणि दोन्ही वेळा आधीपेक्षा बरा झालो. पण मांडणी संगणकाची असो, वर्गाची असो, नाहीतर घराची, काही काढून टाकण्याआधी नुसते खोलीत बसलेल्यांना विचारून थांबू नका. त्या वेळी जो खोलीत नाही, त्याला शोधा आणि त्याला विचारा. तो येईपर्यंत डबा जिथे आहे तिथेच राहू द्या.